टेंट गळतोय की घामेजलाय? आतून ओल्या होणाऱ्या टेंटचं निदान, दुरुस्ती आणि नवा हलका टेंट घेताना काय बघायचं

ऑक्टोबर लागला, पाऊस ओसरला आणि ठाणे-नवी मुंबईतले ग्रुप शुक्रवार-शनिवारच्या रात्री कसारा लोकल धरायला लागले की एक तक्रार हमखास कानावर येते. पाऊस थेंबभर नव्हता, तरी सकाळी टेंट आतून ओला. स्लीपिंग बॅगची पायाकडची बाजू भिजलेली. वॉटरप्रूफ म्हणून घेतलेला टेंट गळतोय, तर आता हलका आणि चांगला कोणता घ्यावा?

नवा घ्यायच्या आधी जरा थांबा. ज्या रात्री पाऊसच नव्हता त्या रात्री टेंट गळेल कसा? ते पाणी तुमचंच आहे, श्वासातलं आणि अंगातलं. हे न ओळखता लोक दुसरा टेंट घेतात, वजन वाचवायचं म्हणून एकपदरी, म्हणजे एकाच कापडाचा, घेतात, आणि तो पहिल्यापेक्षा जास्त ओला निघतो. म्हणून आधी निदान करायचं, पैसे नंतर काढायचे.

पाणी नेमकं कुठून आलं

आत पाणी येण्याच्या वाटा तीन: हवेतल्या वाफेचं थंड कापडावर पाणी होऊन, शिवणीतून किंवा कापडातून पाऊस झिरपून, आणि खालून जमिनीतून. तिघांच्या खुणा वेगळ्या असतात.

फ्लायच्या, म्हणजे टेंटच्या बाहेरच्या पदराच्या, आतल्या अंगावरून बोट फिरवा. सगळीकडे सारखा दमट थर असेल आणि बोटामागे रेघ उमटत असेल, तर ती वाफ. एकाच शिवणीवर थेंबांची माळ असेल, किंवा एकाच जागी टपटप होत असेल, तर गळती. फक्त मॅटखाली ओल असेल तर मात्र घाई करू नका, कारण तिथे वाफेची आणि जमिनीतली ओल सारखीच दिसते. त्यासाठी वीतभर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा टेंटच्या तळावर चारी बाजूंनी चिकटपट्टीने पक्का बसवून त्यावर मॅट टाकून झोपा. सकाळी पाणी प्लास्टिकच्या वर असेल तर ते हवेतून आलेलं. प्लास्टिकच्या खाली असेल तर जमिनीतून.

गळतीचा संशय असेल तर खात्री घरीच होते, सोसायटीच्या गच्चीवर. गच्चीत पेग, म्हणजे टेंटच्या खुंट्या, ठोकता येत नाहीत, तेव्हा दोऱ्या विटांना किंवा पाण्याने भरलेल्या पाच लिटरच्या कॅनना बांधा. डिश अँटेनाला आणि टाकीच्या पाइपला बांधू नका, सेक्रेटरी गच्चीची चावी परत देणार नाहीत. एक जण टॉर्च घेऊन आत बसेल, दुसरा बाहेरून होज पाइपने झाऱ्यासारखं पाणी मारेल. मारायचं खालून वर. आधी तळाच्या कडेची शिवण, मग दाराची झिप, मग बाजूच्या शिवणी, शेवटी माथा आणि हवेची खिडकी. प्रत्येक जागी पाच मिनिटं. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळ्या शिवणींवरून जातो आणि चोर कोण ते कळत नाही. आतल्याने झिरपणारी जागा खडूने खूण करून ठेवायची.

येऊरला जाऊन एक रात्र ट्रायल घेऊ, असा विचार बऱ्याच ठाणेकरांच्या मनात येतो. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. तिथे परवानगीशिवाय रात्री टेंट लावायचा नाही. गच्ची बरी.

वाफेचं गणित

हवेत किती पाणी मावेल हे तापमानावर ठरतं. २० अंश सेल्सिअसला एका घनमीटर हवेत साधारण १७ ग्रॅम वाफ मावते, १० अंशाला जेमतेम ९ ग्रॅम. झोपलेला माणूस रात्रभरात पाव लिटरच्या आसपास, कधी त्याहून जास्त, पाणी श्वासातून आणि त्वचेतून सोडतो. दोघांच्या टेंटमध्ये हवा असते दोन-अडीच घनमीटर. म्हणजे पाणी अर्धा लिटर, आणि ते धरून ठेवायला हवेत जागा मोठ्या तीन चमच्यांची. उरलेलं एक तर बाहेर गेलं पाहिजे, नाही तर थंड कापडावर बसणार. तिसरा रस्ता नाही. कापड कितीही महाग असलं तरी हा हिशोब बदलत नाही.

त्यात निरभ्र रात्री फ्लाय उघड्या आकाशाकडे उष्णता सोडत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड पडते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गवत हिरवं, माती ओली, आकाश मोकळं, वारा पडलेला; दव पडायला याहून चांगली तयारी दुसरी नाही. भंडारदऱ्याच्या जलाशयाला लागून गवतावर लावलेले टेंट सकाळी नदीतून काढल्यासारखे दिसतात ते म्हणूनच. रात्री जड थंड हवा उतारावरून खाली येऊन खोलगट जागेत साचते, तिथेच पाण्याची ओल मिळते.

म्हणून जागा निवडणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. पाण्याच्या काठापासून शंभर-दोनशे पावलं दूर आणि दहा-पंधरा मीटर उंच या. खोलगट भाग टाळा. झाडाचं छत डोक्यावर असेल तर फ्लाय आकाशाला उघडी पडत नाही आणि दव बरंच कमी होतं. पण वर वाळलेली फांदी नाही ना आणि आग्या मोहोळ नाही ना, हे उजेड असताना बघून घ्या. मोहोळ असलं तर तिथून मुकाट्याने निघायचं, धूर करायचा नाही.

मग हवा खेळती ठेवायची. फ्लायची खालची कड जमिनीपासून १० ते १५ से.मी. वर राहील अशी बांधा, माथ्याची खिडकी काडी लावून उघडी ठेवा, आणि पावसाची शक्यता नसेल तर फ्लायचं दार अर्धं गुंडाळा. खालून थंड हवा आत, वरून दमट हवा बाहेर. वरची खिडकी उघडी पण खालची कड जमिनीला टेकलेली असेल तर काहीच हलत नाही. थंडी वाजते म्हणून सगळ्या झिपा बंद करणं ही नेहमीची चूक आहे. थंडीला उत्तर स्लीपिंग बॅग आणि कानटोपी. टेंट बंद करून उबेपेक्षा ओल जास्त मिळते, आणि ओली बॅग थंडच लागते.

स्टोव्हचं काय? ब्यूटेन गॅस जळताना स्वतःच पाणी तयार करतो: १०० ग्रॅम गॅसमागे सुमारे १५५ ग्रॅम. त्यात मॅगीची वाफ वेगळी. टेंटच्या आत स्टोव्ह पेटवायचाच नाही, आणि खरं कारण ओल नाही, कार्बन मोनॉक्साइड आहे. त्याला वास नसतो आणि झोपेत कळत नाही. घामाने भिजलेले टीशर्ट आणि मोजे रात्री आत वाळत घालायचे नाहीत. फ्लायखालच्या ओसरीत ठेवा.

एवढं करूनही थोडी ओल येणारच. सकाळी ऊन पडायच्या आत फ्लाय आतून पंच्याने पुसून पिळून टाका. जुना सुती पंचा या कामाला कुठल्याही महागड्या फडक्याच्या तोडीस तोड आहे. फ्लाय आणि इनर, म्हणजे आतला पदर, वेगळे पॅक करा, ओली फ्लाय सॅकच्या बाहेरच्या जाळीत.

खरोखरच गळत असेल तर

आधी कापड कोणतं ते ओळखा. शिवणीच्या आतल्या बाजूला पारदर्शक पट्टी चिकटवलेली असेल तर आतून पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा, थर आहे. कापड दोन्ही अंगांनी निसरडं असेल, साधी सेलोटेप त्यावर चिकटत नसेल आणि शिवणीवर पट्टी नसेल, तर ते दोन्ही बाजूंनी सिलिकॉनचं. असे हलके टेंट पुष्कळदा शिवणी न मुजवताच विकले जातात आणि पहिल्याच वळवात मालक चिडतो. सिलिकॉनवर फक्त सिलिकॉन धरतं, पीयूचा सीलर त्यावरून सोलून निघतो.

सिलिकॉनच्या कापडासाठी हार्डवेअरच्या दुकानातला पारदर्शक सिलिकॉन सीलंट आणि रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन पुरतं. वजनाने एक भाग सीलंट, दोन भाग टर्पेंटाइन, काचेच्या बाटलीत पातळ मधासारखं होईपर्यंत हलवा. टेंट ताणून उभा करा, शिवण कोरड्या फडक्याने पुसा, अर्ध्या इंचाच्या ब्रशने बाहेरून एक से.मी. रुंदीचा पातळ पट्टा ओढा. टाक्यांच्या भोकांत उतरलं पाहिजे, जाड थापायचं नाही. जादा आलेलं लगेच टिपा. मिश्रण अर्ध्या तासात घट्ट व्हायला लागतं, तेव्हा थोडं थोडंच बनवा. २४ तास हात लावू नका. हे सीलंट हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतं, म्हणजे ठाण्याची दमट हवा निदान या एका कामात तरी आपल्या बाजूची. सुकल्यावर पट्ट्यांवर टाल्कम पावडर चोळा, म्हणजे घडीत कापड कापडाला चिकटत नाही. काम मोकळ्या हवेत करायचं, आगीपासून लांब.

पीयूच्या फ्लायची पट्टी सुटली असेल तर सुटलेला भाग काढा, चिकटा स्पिरिटने पुसा आणि पीयूचा तयार सीलर लावा. पण पट्टीबरोबर कापडाचाही थर चिकट झाला असेल, पापुद्रे निघत असतील आणि आंबट, ओकारीसारखा वास येत असेल, तर तो थर ओलाव्याने कुजला आहे. पीयू ऊब आणि ओल यांत रासायनिकरीत्या तुटत जातं. रविवारी रात्री ओला टेंट पिशवीतच ठेवून माळ्यावर टाकला आणि पुढच्या दिवाळीत काढला की हेच सापडतं. अशी फ्लाय दुरुस्त करण्यात वेळ घालवू नये. पोल, पेग, दोऱ्या काढून घ्या. जाळीचा इनर चांगला असेल तर तो ताडपत्रीखाली पुन्हा वापरता येतो.

तळातून येणारं पाणी

टेंटवर ३००० मि.मी., ५००० मि.मी. असे आकडे छापलेले असतात. कापड किती उंचीच्या पाण्याचा दाब सोसतं त्याचं ते माप. पावसाच्या फ्लायला १५०० ते २००० मि.मी. पुरतं. तळाचं गणित वेगळं. ६० किलोचा माणूस दोन गुडघ्यांवर टेकला आणि टेकलेली जागा साधारण १०० चौरस से.मी. धरली, तर दाब दर चौरस से.मी.ला ०.६ किलो होतो, म्हणजे ६००० मि.मी. पाण्याइतका. खाली चिखल असेल तर ३००० चा तळ गुडघ्याखाली झिरपणार, आणि त्यात टेंटचा दोष नाही. गुडघे मॅटवर टेका, किंवा टेंटच्या खाली ग्राउंडशीट, म्हणजे जमिनीवर अंथरायचं प्लास्टिक, टाका.

ग्राउंडशीट टेंटच्या तळापेक्षा चारी बाजूंनी पाच से.मी. लहान कापायची. बाहेर डोकावणारी कड फ्लायवरून ओघळलेलं पाणी झेलते आणि थेट तुमच्या पाठीखाली आणून सोडते. 'खाली प्लास्टिक टाकलं तरी भिजलो' असं म्हणणाऱ्यांची शीट बहुतेक वेळा टेंटपेक्षा मोठी असते.

ढिला ताण आणि कातळातला पेग

नायलॉन पाणी पितं आणि सैल पडतं. संध्याकाळी तबल्यासारखी ताणलेली फ्लाय मध्यरात्री लोंबते, इनरला चिकटते, आणि चिकटेल तिथून पाणी आत. म्हणून झोपायच्या आधी एकदा सगळ्या दोऱ्या पुन्हा ताणायच्या. पॉलिएस्टर भिजल्यावर फारसं ढिलावत नाही. नवीन घेताना हा मुद्दा वजनातल्या शंभर ग्रॅमपेक्षा मोठा आहे.

आणि ताण धरायला पेग तरी घुसले पाहिजेत. सह्याद्रीचे माथे बेसॉल्टचे. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याजवळ चार बोटं माती आणि खाली कातळ असतो. तिथे पेग दगडाने ठोकला की वाकतो, आडवा घातला की वाऱ्याने उपटतो. तिथे दोन दगडांची रीत वापरा. दोरीचं टोक मुठीएवढ्या दगडाला बांधा, त्याच्या टेंटकडच्या बाजूला दहा-पंधरा किलोचा धोंडा ठेवा, दोरी धोंड्याच्या खालून जाऊ द्या. ताण आला की लहान दगड धोंड्याला अडतो. दोरी नुसती धोंड्याभोवती गुंडाळली तर धारेवर घासून रात्रीत तुटते. यासाठी २ किंवा ३ मि.मी.ची दहा मीटर जादा दोरी सॅकमध्ये असू द्या. टेंटबरोबर येणाऱ्या दोऱ्या इथे आखूड पडतात. दगड कातळावरचेच उचला. तटबंदीचा, जोत्याचा किंवा कुठल्याही बांधकामाचा दगड हलवायचा नाही. आणि सकाळी जागच्या जागी ठेवताना धोंडा उलटायच्या आधी खाली विंचू नाही ना ते बघा.

टेंटची अरुंद बाजू वाऱ्याकडे करा. कड्याच्या धारेपासून निदान पन्नास मीटर मागे या. कड्यावरून वर उसळणारा वारा फ्लायच्या खाली शिरून तिला उचलतो.

मग हलका कोणता घ्यायचा

आधी वजन खरं मोजा. पाकिटावरच्या 'किमान वजनात' पेग, दोऱ्या आणि पिशव्या धरलेल्या नसतात. भाजीच्या हातकाट्यावर सगळं लटकवून जो आकडा येईल तो खरा.

दोन माणसं, ऑक्टोबर ते मे, वर्षात पाच-सहा मुक्काम, असा हिशोब असेल तर सरळ दुपदरी टेंट घ्या. पूर्ण जाळीचा इनर, वेगळी फ्लाय, ॲल्युमिनियमचे पोल, माथ्यावर दोन खिडक्या, एकूण दीड ते दोन किलो. फ्लायवर वाफ बसली तरी ती फ्लायवरून ओघळून बाहेर जाते, अंगाला लागत नाही. दोघांत वाटला की माणशी किलोच्या आत. इनर आणि फ्लाय यांत चार बोटांचं अंतर सगळीकडे राहतं का, हे दुकानातच उभा करून आणि आडवं होऊन बघा. डोकं आणि पाय एकाच वेळी कापडाला लागत असतील तर तो टेंट तुमच्या उंचीचा नाही. फायबरग्लासचे पोल स्वस्त खरे, पण उभे चिरतात आणि मग दुरुस्ती नसते. ॲल्युमिनियमचा पोल मोडला तर त्यावर बसणारी १०-१२ से.मी.ची नळी सरकवून दोन्ही टोकांना टेप मारला की ट्रेक पार पडतो. ती नळी सोबत ठेवा.

ट्रेकिंग पोलवर उभा राहणारा एकपदरी टेंट ७०० ते ९०० ग्रॅममध्ये मिळतो आणि सगळ्यांचा जीव त्याच्यात अडकतो. कोरड्या, वाऱ्याच्या माथ्यावर जानेवारी-फेब्रुवारीत तो छान चालतो. ऑक्टोबरच्या दवात मात्र दर रात्री पंचा लागणार, आणि पेग धरले नाहीत तर तो उभाच राहत नाही, कारण त्याचा सगळा तोल ताणावर. कातळावर पहिल्यांदाच लावणाऱ्यांनी हा घेऊ नये.

एकट्याने फिरणाऱ्याला, ज्याला दोऱ्यांच्या गाठी येतात, त्याला ३ x ३ मीटरची टार्प, म्हणजे दोऱ्यांनी ताणायचं नुसतं छताचं कापड, आणि आत तळ असलेली जाळी हे सगळ्यात चांगलं. २० डेनियरचं (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) सिलिकॉन कापड चौरस मीटरला ३५ ते ४० ग्रॅम भरतं, म्हणजे टार्प साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास, जाळी तीनशे ते पाचशे, पेग-दोऱ्या दीडशे. हवा चहूबाजूंनी खेळते, वाफेचा प्रश्न बराचसा मिटतो. फक्त बिनतळाची टार्प घेऊन गवतावर झोपायचं धाडस इथे करू नका. फुरसं हा विषारी साप आणि लाल विंचू हे सह्याद्रीच्या दगडाळ भागातले रहिवासी आहेत. लाल विंचवाचा दंश जीवघेणा ठरू शकतो, महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केला तो याच भागातल्या रुग्णांवर काम करून. शिवलेला तळ आणि पूर्ण बंद होणारी झिप यावर तडजोड नको.

हॅमॉक, म्हणजे दोन झाडांमध्ये बांधायची झोळी, माहुली गडाच्या पायथ्यासारख्या झाडीत मजेशीर, पण बऱ्याच गडमाथ्यांवर बांधायला झाड नसतं, आणि हिवाळ्यात पाठीखालून गारठतो. जोडीला टार्प, पट्टे, जाळी धरली की वजनही वाचत नाही.

जून ते सप्टेंबरसाठी मात्र टेंट शोधूच नका. घाटमाथ्यावरच्या आडव्या पावसात, हवा आधीच भरलेली असताना, कोणताही हलका टेंट आतून कोरडा राहत नाही. त्या दिवसांत पायथ्याच्या गावात घरगुती मुक्काम करावा. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे अभयारण्य आहे, आणि गडांवर टेंट लावण्याचे नियम बदलत असतात. निघायच्या आधी वनखात्याच्या चौकीवर किंवा गावात विचारून घ्या.

घरी आल्यावर

रविवारी रात्री कितीही दमलात तरी टेंट पिशवीतून बाहेर काढायचा. फ्लाय हॉलमध्ये दोरीवर, पंख्याखाली, रात्रभर. इनर आणि पिशव्याही. तळाच्या कोपऱ्यांत आणि पोलच्या खोबणीत ओल शेवटपर्यंत राहते, ती बोटाने तपासा. भर उन्हात दिवसभर टाकू नका, नायलॉन उन्हाने कमजोर होतं. बुरशीचे काळे ठिपके दिसले तर कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ स्पंज. वॉशिंग मशीन नाही, ब्लीच नाही. वाळल्यावर घट्ट पिशवीत कोंबायचा नाही. जुन्या उशीच्या सुती अभ्र्यात सैल भरून कपाटात ठेवा, पावसाळ्यात महिन्यातून एकदा बाहेर काढून पंख्याखाली झटका.